तिसऱ्या महिन्याची चिंता

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर सायंकाळच्या वेळीं उभें राहिलें असतां शेजारच्या माणसाचें बोलणेंही नीट ऐकूं येत नाहीं. रिक्षा, मालमोटारी, ताके लादलेल्या गाड्या आणि पाळी संपवून घराकडे निघालेले यंत्रमागांवरील कामगार यांची तेथें एकच दाटी झालेली असते. गेल्या पावसाळ्यांत अशाच एका सायंकाळीं आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस तेथें भेटला. एका कापडाच्या पेढीवर तयार ताके तपासून घेण्याचें काम तो करतो. नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्यानें खिशांतून घडी केलेला एक कागद काढला व म्हणाला, "सर, हें जरा वाचून सांगतां का? शब्द सगळे समजतात, पण अर्थ लागत नाहीं."

कागद रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेचा होता. त्याच्या पत्नीस तिसरा महिना संपत आला होता. सोनोग्राफी व रक्त यांवरून कांहीं हिशेब करून त्या कागदावर तांबड्या अक्षरांत 'धोका अधिक' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द छापले होते, व त्यापुढें १:१८० असा आंकडा होता. कागद देणाऱ्यानें "डॉक्टरांना दाखवा" एवढेंच सांगितलें होतें, आणि डॉक्टरीणबाई दोन दिवस परगांवीं गेल्या होत्या. घरीं आईस विचारावें तर, "आमच्या वेळीं असलें कांहीं नव्हतें, तरी तुम्ही झालांतच ना?" असें उत्तर मिळालें. पत्नी दोन रात्री झोंपली नव्हती. आपलें कोठें चुकलें, काय खाल्लें, ग्रहणाच्या दिवशीं हातांत विळी धरली होती काय, हें ती आठवीत बसली होती.

आम्ही वैद्य नव्हे. इतिहास शिकविणें हा आमचा व्यवसाय. परंतु त्या गर्दींत उभे असतांना आम्हांस असें वाटलें कीं, या दांपत्याच्या दुःखाचा निम्मा भाग तरी वैद्यकाचा नसून इतिहासाचा आहे. भय फार जुनें आहे. नवा आहे तो आंकडा. हा आंकडा कोठून आला, तो काय सांगतो व काय सांगत नाहीं, आणि आपल्या महाराष्ट्रांत त्याच्याभोंवतीं कायद्याचें जें कुंपण पडलें तें कां पडलें, हें सुशिक्षित कुटुंबांनीं समजून घेणें अगत्याचें आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम जुन्या काळाकडे पाहूं. गर्भाविषयींची चिंता आपल्या पूर्वजांनीं संस्कारांत गुंफून ठेविली होती. गृह्यसूत्रांत सांगितलेला पुंसवन संस्कार बहुधा तिसऱ्या महिन्यांत करावयाचा असतो. आजची ही पहिली परीक्षाही अकराव्या आठवड्यापासून चौदावा पुरा होईपर्यंतच्या अवधींत, म्हणजे जवळजवळ त्याच दिवसांत, होते; हा योगायोग मौजेचा खरा, पण पुंसवनाचा हेतु पुत्रप्राप्ति हा होता, ही गोष्टही विसरतां येत नाहीं. पुढें तिचा संबंध येणारच आहे. तीन महिने पुरे होईपर्यंत बातमी बाहेर फोडूं नये, ओटी भरावयाची तीही चोरओटी म्हणून घरच्याघरीं भरावी, असा आपल्याकडील रिवाज आहे. त्याचें कारण उघड आहे. पुष्कळसे गर्भ याच काळांत गळून जातात, आणि ज्याची वाच्यता झाली नाहीं त्याचें दुःख चार लोकांसमोर भोगावें लागत नाहीं. परंतु या रिवाजाचा एक परिणाम आज विपरीत झाला आहे. चिंतेचा कागद नेमका त्या मौनाच्या काळांत हातीं येतो. ज्या बातमीचा आनंदच अद्याप कोणास सांगितला नाहीं, तिची काळजी कोणास सांगावयाची? म्हणून हें भय बहुधा दोघांनींच, आणि पुष्कळदां एकटीनेंच, सोसावें लागतें.

दुसरी जुनी गोष्ट दोषारोपाची. ग्रहणांत चिरलें तर मुलाचा ओंठ फाटका होतो, ही समजूत आपल्या घरांतून अद्यापि गेलेली नाहीं. यांत आपणच तेवढे भोळे असें मात्र कोणीं समजूं नये. फ्रान्समधील प्रख्यात शस्त्रवैद्य आंब्रुवाझ पारे यानें सोळाव्या शतकांत विकृत जन्मांचीं जीं कारणें दिलीं, त्यांत मातेच्या मनावर उमटलेल्या चित्राची छाप हेंही एक होतें. आणि हें मत यूरोपांत पुढें फार काळ टिकून राहिलें. देश कोणताही असो, मूल सदोष निघालें कीं आईच्या वर्तनाकडे बोट दाखवावयाचें, हा न्याय सर्वत्र सारखाच होता.

हा न्याय चुकीचा आहे हें कळण्यास विज्ञानाला एक शतक लागलें. इंग्लंडांत जॉन लँग्डन डाऊन या डॉक्टरानें इ. स. १८६६ मध्यें मंदबुद्धि मुलांच्या एका विशिष्ट वर्गाचें वर्णन केलें. वर्णन मार्मिक होतें, पण उपपत्ति भलतीच होती: या मुलांचे चेहरे मंगोल लोकांसारखे दिसतात, तेव्हां हा वंशाचा कांहीं प्रकार असावा, असें त्यास वाटलें. त्या चुकीच्या तर्कानें एका अख्ख्या राष्ट्राचें नांव व्याधीस चिकटलें. १९६१ मध्यें कांहीं शास्त्रज्ञांनीं 'लॅन्सेट' पत्रांत लिहून तें टाकून देण्याची सूचना केली, आणि पुढें मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेनेंही तें सोडलें. तेव्हांपासून 'डाऊन सिंड्रोम' हें नांव रूढ झालें. दरम्यान १९३३ मध्यें लायोनेल पेनरोझ यानें कुटुंबांचा सूक्ष्म अभ्यास करून दाखविलें कीं, या स्थितीचा संबंध मातेच्या वयाशीं आहे. मनुष्याच्या पेशींत गुणसूत्रें ४६ असतात, हें १९५६ मध्यें त्यो व लेव्हान यांनीं निश्चित केलें. आणि १९५९ मध्यें पॅरिसमध्यें लेझ्यून, मार्त गोतिये व त्यूर्पें यांनीं या मुलांत एक गुणसूत्र अधिक, म्हणजे ४७, असतात हें प्रसिद्ध केलें. त्या कामीं पेशी वाढविण्याची कला गोतियेबाईंनीं आणली होती. श्रेय मात्र दीर्घकाळ लेझ्यून यांच्याच पदरीं पडलें.

या शोधाचा अर्थ घरोघर पोंचावयास हवा होता, तो पोंचला नाहीं. एकविसावें गुणसूत्र दोनांऐवजीं तीन येतें, तें बहुधा बीजपेशी विभागतांना झालेल्या आकस्मिक चुकीमुळें. त्यास विळी कारण नाहीं, पपई कारण नाहीं, सुनेचा पायगुण कारण नाहीं. वय वाढतें तशी ही चूक अधिक वेळां घडते: विसाव्या वर्षीं सुमारें दीड हजारांत एक, पस्तिसाव्या वर्षीं साडेतीनशेंत एक, चाळिसाव्या वर्षीं शंभरांत एक. तथापि तरुण मातांची संख्याच मोठी असल्यामुळें अशीं पुष्कळ मुलें तरुण मातांच्याच पोटीं जन्मतात.

आतां आंकड्याचा जन्म. ग्लासगो येथील इयान डोनल्ड यानें १९५८ मध्यें ध्वनिलहरींनीं पोटाच्या आंतील चित्र पाहण्याची रीति प्रसिद्ध केली. १९६६ मध्यें गर्भजलांतील पेशी वाढवून त्यांचीं गुणसूत्रें मोजतां येतात असें सिद्ध झालें. परंतु गर्भजल काढावयाचें म्हणजे पोटांत सुई घालावयाची, आणि तींत गर्भपाताचा थोडा धोका आहेच. तो धोका सर्वांनींच कां पत्करावा? म्हणून आधीं केवळ वयावरून निवड होऊं लागली. १९८४ मध्यें अमेरिकेंत मर्कात्झ व त्यांचे सहकारी यांच्या ध्यानांत आलें कीं, आईच्या रक्तांतील एका प्रथिनाचें प्रमाण अशा गर्भारपणांत कमी असतें. १९९२ मध्यें लंडनच्या निकोलायडिस यांनीं गर्भाच्या मानेमागें सांचणाऱ्या द्रवाची जाडी मोजण्याचें महत्त्व दाखविलें. वय, ती जाडी व रक्तांतील दोन द्रव्यें यांचा मेळ घालून जो हिशेब निघतो, तोच आमच्या विद्यार्थ्याच्या हातांतील कागद. पुढें १९९७ मध्यें डेनिस लो व त्यांच्या सहकाऱ्यांस मातेच्या रक्तांतच गर्भाच्या गुणसूत्रद्रव्याचे तुकडे तरंगतांना सांपडले, आणि २०११ पासून त्यावर आधारलेली परीक्षा बाजारांत आली. ती पहिलीहून पुष्कळच सूक्ष्म आहे. पण तीही चाळणीच, निर्णय नव्हे.

चाळणी व निर्णय यांतील हा भेद सर्व लेखाचा गाभा आहे, म्हणून तो आंकड्यांनींच स्पष्ट करूं. दहा हजार गर्भवती स्त्रिया घ्या. सातशेंत एक हें सर्वसाधारण प्रमाण धरलें तर त्यांपैकीं सुमारें चौदा जणींच्या गर्भांत हा दोष असेल. परीक्षा शंभरांपैकीं नव्वद दोष पकडते, म्हणजे चौदांपैकीं बारा-तेरा सांपडतील, एखाददुसरा निसटेल. परंतु निर्दोष असलेल्यांपैकींही शंभरांत पांच जणींवर ती बोट ठेवते. म्हणजे आणखी सुमारें पांचशें स्त्रियांस 'धोका अधिक' असा कागद मिळेल. एकूण पांचशें बारा-तेरा कागद, आणि त्यांत खरा दोष बारा-तेरांत! तांबड्या अक्षरांचा कागद मिळालेल्या चाळीस जणींपैकीं एकोणचाळीस जणींस तो दोष नसतोच. आमच्या विद्यार्थ्याचा आंकडा तर याहूनही सौम्य होता. १:१८० याचा अर्थ, असाच कागद मिळालेल्या १८० घरांपैकीं १७९ घरीं हा दोष निघणार नाहीं.

हें आम्हीं त्यास नाक्यावरील एका चहाच्या दुकानांत बसून कागदाच्या पाठीवर मांडून दाखविलें. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हणजे सर, आम्ही ताक्यावर जेथें शंका येते तेथें खडूची खूण करतों, तसें. खूण झाली म्हणून ताका खराब नव्हे. पुन्हां नीट पाहावयाचा, एवढेंच." याहून चांगली व्याख्या आमच्या वाचनांत नाहीं.

आतां महाराष्ट्राकडे वळूं. येथें या विद्येचा इतिहास दुःखद रीतीनें सुरू झाला. गर्भजलपरीक्षा १९७५ च्या सुमारास दिल्लींत दोष शोधण्यासाठीं आली, आणि थोड्याच वर्षांत तिचा उपयोग मुलगी शोधून काढून टाकण्यासाठीं होऊं लागला. पुंसवनाची जुनी इच्छा नव्या सुईच्या टोंकावर येऊन बसली. मुंबईंतील स्त्रीसंघटनांनीं व कांहीं विचारी डॉक्टरांनीं याविरुद्ध आवाज उठविला, आणि १९८८ मध्यें महाराष्ट्रानें या परीक्षांचें नियमन करणारा देशांतील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्यें झाला, १ जानेवारी १९९६ पासून अमलांत आला, व २००३ पासून तो अधिक कडक झाला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागें मुलींची महाराष्ट्रांतील संख्या १९९१ मध्यें ९४६ होती ती २००१ मध्यें ९१३ व २०११ मध्यें ८९४ झाली. हे आंकडे १:१८० हून अधिक भयंकर आहेत; कारण ते संभवाचे नसून घडलेल्या गोष्टीचे आहेत.

या इतिहासामुळेंच आज प्रत्येक सोनोग्राफीच्या दवाखान्यांत 'येथें गर्भलिंगनिदान केलें जात नाहीं' अशी पाटी असते. ती पाटी हवीच. परंतु त्याच कायद्यांत आणखी एक कलम आहे, त्याची पाटी कोठें लागलेली आम्हीं पाहिली नाहीं. गर्भाच्या दोषनिदानाची अशी क्रिया करण्यापूर्वीं तिचे ज्ञात दुष्परिणाम स्त्रीस समजावून सांगावे, तिला कळणाऱ्या भाषेंत तिची लेखी संमति घ्यावी, व तिची एक प्रत तिच्या हातीं द्यावी, असें तें सांगतें. 'तिला कळणाऱ्या भाषेंत' हे शब्द आम्हांस फार मोलाचे वाटतात. भिवंडीसारख्या गांवीं ती भाषा कोठें मराठी असेल, कोठें उर्दू, कोठें तेलुगु, कोठें पूर्वेकडील हिंदी. सुईपूर्वीं जर कायद्यास भाषेची एवढी काळजी, तर सुईकडे नेणाऱ्या पहिल्या कागदावरच्या आंकड्यास दोन वाक्यांचा मराठी अर्थ जोडण्यास कोणती अडचण आहे? दोन रात्रींची झोंप त्या दोन वाक्यांच्या अभावीं गेली होती.

दुसरा कायदा गर्भपाताचा. केंद्रानें १९६४ मध्यें नेमलेल्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा होते. त्या समितीच्या अहवालावरून १९७१ चा कायदा झाला, व त्यानें वीस आठवड्यांची मर्यादा घातली. त्या काळीं गर्भाचे आंतील अवयव पाहण्याचें साधनच आजच्यासारखें नव्हतें, म्हणून मर्यादा कोणास खुपली नाहीं. साधन सुधारलें, मर्यादा तेथेंच राहिली. २००८ मध्यें मुंबईचें एक दांपत्य व त्यांचे डॉक्टर निखिल दातार हे उच्च न्यायालयांत गेले. गर्भाच्या हृदयांत गंभीर दोष आढळला होता, पण वीस आठवडे उलटून गेले होते. न्यायालयानें ऑगस्ट २००८ मध्यें परवानगी नाकारली. त्याच महिन्यांत त्या स्त्रीचा गर्भ आपोआप गेला. खाजगी दुःख वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आलें, आणि साऱ्या देशानें त्यावर मतें दिलीं. पुढें जुलै २०१६ मध्यें कवटी व मेंदू नीट न झालेल्या गर्भाच्या एका प्रकरणांत, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉक्टरांच्या मंडळाच्या मतावरून, सर्वोच्च न्यायालयानें चोविसाव्या आठवड्यांत परवानगी दिली. अखेर २०२१ मध्यें कायदा बदलला: विशिष्ट परिस्थितींतील स्त्रियांस चोवीस आठवड्यांपर्यंत, आणि वैद्यकीय मंडळानें गर्भांत गंभीर दोष असल्याचें ठरविल्यास आठवड्यांची मर्यादाच नाहीं. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमति पुरते. नवऱ्याची किंवा सासूची लागत नाहीं, हें १९७१ पासूनच आहे, पण पुष्कळांस ठाऊक नाहीं.

येथवर आलों म्हणजे एक प्रश्न टाळतां येत नाहीं. दोष खरोखरच निघाला तर? एकोणचाळीसांचें समाधान सांगून चाळिसावीस विसरणें हा अन्याय होईल. तिच्यापुढें दोन्ही वाटा कठीण आहेत, आणि दोन्हींवर समाज टीका करण्यास बसलेला आहे. मूल ठेवलें तर "माहीत असून कां?" आणि न ठेवलें तर "मन कसें झालें?" इतिहासाच्या अभ्यासकास या ठिकाणीं दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली ही कीं, गॉल्टननें १८८३ मध्यें सुप्रजननशास्त्राला नांव दिलें, आणि साठ वर्षांच्या आंत जर्मनींत त्याच विचाराच्या नांवाखालीं अपंगांची हत्या झाली. कोणीं जन्मावें हें राज्यानें किंवा शेजाऱ्यानें ठरवावयाचें नसतें. दुसरी ही कीं, दोषाचें नांव तेंच राहिलें तरी त्या माणसाचें आयुष्य तेंच राहिलेलें नाहीं. हृदयाच्या शस्त्रक्रियेमुळें व शिक्षणामुळें, पुढारलेल्या देशांत डाऊन सिंड्रोम असलेलीं माणसें आज साठीच्या आसपास पोंचतात. चाळीस वर्षांपूर्वीं पंचविशीच्या पुढें थोडीं जात. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांगहक्क कायद्यानें त्यांस शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळेचा दरवाजा तितक्या सहज उघडतो असें मात्र म्हणवत नाहीं. म्हणून ज्या आईबापांस मूल वाढविण्याचें बळ आपल्यांत दिसतें त्यांनीं कोणाच्या भयानें तें सोडूं नये, आणि ज्यांस दिसत नाहीं त्यांस कोणीं दगड मारूं नये. आपण इतरांनीं करावयाचें तें एवढेंच कीं, त्यांस खरी माहिती वेळेवर मिळेल, आणि निर्णय त्यांचाच राहील, हें पाहावें.

आमच्या विद्यार्थ्याची गोष्ट पुरी करावयास हवी. डॉक्टरीणबाई परतल्यावर त्यांनीं पतिपत्नी दोघांस समोर बसवून अर्धा तास दिला. गर्भजलाच्या परीक्षेंतील धोका अनुभवी हातीं दोनशेंत एकाहूनही कमी असतो, पण त्यासाठीं सोळाव्या आठवड्यापर्यंत थांबावें लागेल, हें सांगितलें. रक्ताच्या सूक्ष्म परीक्षेचा मार्गही सांगितला, व तिचा खर्चही लपविला नाहीं. सुनेनें स्वतः गर्भजलपरीक्षा निवडली. "अर्धवट उत्तर पुन्हां नको," असें ती म्हणाली. मधले आठवडे कसे गेले तें त्यांनाच माहीत. एक बदल मात्र आमच्या डोळ्यांदेखत झाला. चिंता सासूबाईंस सांगितली गेली. प्रथम ग्रहणाची गोष्ट काढणाऱ्या त्या माउलीनें, हें कोणाच्याही चुकीनें होत नाहीं एवढें कळल्यावर, सुनेच्या उशाशीं बसून आपलें एक पहिलें, तीन महिन्यांत गेलेलें, मूल तिला प्रथमच सांगितलें. तीस वर्षें तें दुःख कोणाजवळ उच्चारलें गेलें नव्हतें.

अहवाल आला, तो निर्दोष. गुणसूत्रें ४६, मुलगा कीं मुलगी हें त्यावर नव्हतें, तें असूं नये असाच कायदा आहे, आणि त्या घरींही कोणी विचारलें नाहीं. अहवाल याच्या उलट आला असता तरी आम्हीं हा लेख लिहिला असता, व त्यांतील एकही विधान बदललें नसतें. कारण आमचें सांगणें फळाविषयीं नाहीं, वाटेविषयीं आहे. तिसऱ्या महिन्यांतील मौन हें एके काळीं स्त्रीच्या दुःखावरचें पांघरूण होतें. आज हातांत तांबड्या अक्षरांचा कागद असतां तेंच मौन तिला एकटें पाडतें. ज्या घरांत असा कागद येईल, तेथें वडील माणसांनीं प्रथम दोन गोष्टी कराव्या: "यांत तुझी चूक नाहीं" हें म्हणावें, आणि आंकड्याचा अर्थ सांगणारा जाणता माणूस त्याच दिवशीं गांठावा. नाक्यावरच्या गर्दींत उभ्या असलेल्या तरुणास तो जुन्या मास्तराच्या रूपानें योगायोगानें मिळाला. सर्वांस तो असा योगायोगानें मिळावा अशी पाळी येऊं नये.